कळसूबाईच्या पायथ्याचं पाणी



आज आपण कळसूबाईला जाऊ. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. डोंगराच्या एका अंगाला अकोले तालुका, दुसऱ्या अंगाला इगतपुरी. पायथ्याशी बारी, जहागीरदारवाडी अशी छोटी गावं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात बायाबापड्या लोखंडी शिड्या चढून दर्शनाला जातात.

गोष्ट सांगतात ती अशी. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट होती, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला भांडी घासायला लावलीच. तिनं ती घासली आणि डोंगरावर निघून गेली, ती परतलीच नाही.

कळसूनं कामाला अट तरी घातली. आपल्या डोक्यावरच्या हंड्याला कोण अट घालतं?

या भागात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो. तरी उन्हाळ्यात डोंगराकडच्या वाड्यांतल्या बायांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. असं का? सह्याद्रीचा काळा कातळ थराथरांचा आहे. उतार तीव्र, माती कमी. त्यामुळे बरंचसं पाणी थेट ओढ्यांना लागतं. काही प्रवरेला मिळून १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात जातं आणि पुढे खालच्या तालुक्यांच्या शेतीला. थोडं पाणी मात्र कातळाच्या भेगांतून आणि दोन थरांमधल्या मऊ मुरमातून झिरपतं. तो थर उतारावर जिथे उघडा पडतो, तिथे झरा फुटतो.

म्हणजे झरा खाली दिसतो, पण त्याचं पोट वर डोंगरात असतं. वरची झाडी तुटली, माती वाहून गेली, की खालचा झरा लवकर आटतो.

तुमचं गाव डोंगराकडेचं असेल तर गटानं तीन कामं करावीत. एक, दर महिन्याला झऱ्यावर एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहावं. दोन, झऱ्याच्या वरच्या उतारावर समतल चर आणि झाडं मागावीत. रोजगार हमीतून हे काम ग्रामसभेत मागता येतं. तीन, झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग लावू देऊ नये. भेग सरकली तर पाणी दुसरीकडे वळतं.

ग्रामसभेत नुसतं “पाणी नाही” म्हटलं तर ऐकून सोडून देतात. वहीतला आकडा दाखवला की उत्तर द्यावं लागतं. म्हणून पुढच्या मासिक सभेत बचतीच्या हिशेबाखाली झऱ्याचाही हिशेब लिहायला घेऊ या. ती आपली अट.