उवांच्या वंशावळीतून बाप गायब

जून महिन्यात शाळा उघडल्या की छत्रपती संभाजीनगरातल्या अनेक घरांत रविवारी दुपारी एक ओळखीचे दृश्य दिसते. आई मुलीला पुढ्यात बसवते, खाली पांढरा कपडा अंथरते आणि बारीक दातांची फणी केसांतून ओढते. कपड्यावर पडलेली ऊ नखावर चिरडली जाते. ‘परवाच तर औषध लावले होते, मग या पुन्हा आल्या कुठून?’ हा प्रश्नही दरवर्षी तोच असतो.

याची साधी उत्तरे दोन. वर्गातल्या मैत्रिणीच्या डोक्याला डोके लागले की उवा पुन्हा येतात. शिवाय केसाला चिकटलेल्या लिखा औषधाला सहजासहजी दाद देत नाहीत. तिसरे उत्तर मात्र उवेच्या पेशीत दडलेले आहे. जगाच्या अनेक भागांतल्या उवांना परमेथ्रिनसारखी औषधे पुरेशी लागू पडत नाहीत, कारण ज्या मज्जापेशींवर हे औषध घाव घालते, तिथल्या जनुकातच बदल झाले आहेत. असा बदल एका पिढीतून पुढच्या पिढीत कसा जातो, हे पाहताना शास्त्रज्ञांना उवांच्या प्रजननातली एक अजब रीत आढळली.

आधी नेहमीची रीत पाहू. दहावीच्या विज्ञानात अर्धगुणसूत्री विभाजन शिकवले जाते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, मग वेगळ्या होतात आणि प्रत्येक शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत जोडीतले एकेकच गुणसूत्र जाते. कोणते जाणार, हे नाणेफेकीसारखे असते. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्यांनी नाकतोड्याच्या वृषणाची काचपट्टी रंगवून हेच विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले असते. नाकतोड्याची गुणसूत्रे मोठी आणि ठळक असल्याने ती या प्रयोगासाठी सोयीची ठरतात.

ऊ इथेच वेगळी पडते. माणसाच्या उवेत गुणसूत्रांच्या फक्त ६ जोड्या, म्हणजे १२ गुणसूत्रे असतात, आपल्यात ४६. उवेचा जनुकीय आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो कीटकांमध्ये सर्वांत लहान ठरला होता. त्यात सुमारे १०.८ कोटी अक्षरे आहेत, तर माणसाच्या आराखड्यात सुमारे ३०० कोटी. आयुष्यभर एकाच यजमानाच्या रक्तावर जगायचे, तर फार मोठ्या सामानाची गरज पडत नाही.

या गुणसूत्रांची बांधणीही निराळी आहे. आपल्या गुणसूत्राला एका ठरावीक जागी गुणसूत्रबिंदू असतो. पेशी विभागताना तर्कूतंतू तिथेच पकड घेतात आणि गुणसूत्राला एका टोकाकडे ओढतात. उवेच्या गुणसूत्रात असा एकच बिंदू नसतो. तंतू त्याच्या लांबीभर पकड घेऊ शकतात. म्हणून असे गुणसूत्र तुटले तरी दोन्ही तुकडे ओढले जातात. आपल्या पेशीत बिंदू नसलेला तुकडा मागे राहून हरवला असता.

खरी गंमत नराच्या शुक्रपेशीत आहे. नर उवेच्या शरीरात आईची ६ आणि बापाची ६ गुणसूत्रे असतात. शुक्रपेशी तयार होताना मात्र नाणेफेक होत नाही. आईकडून आलेला संच पुढे जातो आणि बापाकडून आलेला गळतो. मादीच्या अंडपेशीत सगळे नेहमीसारखेच चालते. म्हणजे नर ऊ आपल्या पिल्लांना स्वतःच्या आईचाच वारसा देते. पिल्लांच्या आजोबाचे नाव वंशावळीतून पुसले जाते.

याची पहिली चाहूल शंभर वर्षांपूर्वीची. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक उवांनी बेजार झाले होते. उवा टायफस तापाचा प्रसार करतात, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवले होते. त्यामुळे उवांचा अभ्यास जोरात सुरू झाला. १९१९ मध्ये एडवर्ड हिंडल यांनी उवांच्या काही जोड्यांची पिल्ले जवळजवळ सगळी एकाच लिंगाची निघतात, असे नोंदवले. पुढच्याच वर्षी डॉन्कास्टर आणि कॅनन यांनी शुक्रपेशींच्या विभाजनातले वेगळेपण मांडले. ठोस पुरावा यायला मात्र २०१८ साल उजाडले. डोक्यातल्या आणि अंगावरच्या, दोन्ही उवांच्या कुटुंबांची जनुकीय तपासणी झाली. नर जवळजवळ नेहमी एकच प्रत पुढे देतात, हे त्यातून सिद्ध झाले. क्वचित बापाची प्रतही निसटून पुढे जाते, हेही दिसले. धान्यात आणि जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या, उवांच्या नात्यातल्या एका कीटकातही ही रीत २०१७ मध्ये आढळली होती.

आता याचा औषधाशी संबंध. समजा, एका नराकडे औषधाला पुरून उरणाऱ्या जनुकाची एक प्रत आहे. ती आईकडून आली असेल, तर जवळजवळ सगळ्या पिल्लांना मिळेल. बापाकडून आली असेल, तर जवळजवळ कोणालाच नाही. नेहमीच्या प्राण्यांत दोन्ही वेळा ती निम्म्यांना मिळाली असती. त्यामुळे औषधप्रतिकार किती वेगाने पसरेल, याचे नेहमीचे गणित उवांना तसेच्या तसे लावता येत नाही. औषध कधी आणि किती वेळा वापरायचे, याची धोरणे ठरवताना हे ध्यानात घ्यावे, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

घरापुरता धडा मात्र सोपा आहे. लीख साधारण ७ ते १० दिवसांत फुटते, म्हणून औषधाचा दुसरा हात तेवढ्या अंतराने लावावा लागतो. तेच औषध पुन्हा पुन्हा किंवा जास्त वेळ लावून उपयोग होत नसेल, तर डॉक्टरांना विचारून औषध बदलावे. रॉकेल कधीही लावू नये. त्वचा भाजते आणि पेट घेण्याचा धोका असतो. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच दिवशी तपासावे. ऊ उडी मारत नाही आणि डोक्यावरून उतरली की एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे सगळे घर धूत बसण्याची गरज नाही.

आणि ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवावी. जनुके कशीही बदलली तरी फणीला प्रतिकार करणारी ऊ अजून जन्मलेली नाही.