टोल वाचवायचा, पण बेरीज कशी करायची?

संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने मुंबईला निघालात, तर टोल अंतराप्रमाणे लागतो. जेवढे किलोमीटर, तेवढे पैसे. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर टोल, डिझेल आणि वेळेची किंमत रुपयांत लिहा; डायक्स्ट्रा यांची १९५९ची पद्धत सगळ्यात स्वस्त मार्ग शोधून देते.

आता हेच गणित मोटरहोमने युरोप फिरायला वापरू. स्वित्झर्लंडमध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला मोटरवेसाठी ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर लागतं. एकदा घेतलं की पुढच्या मोटरवेला वेगळे पैसे नाहीत. म्हणजे तुकड्याची किंमत आधी स्टिकर घेतलं की नाही, यावर ठरते. इथे साधी बेरीज फसते. माझा पहिला प्रोग्राम इथेच अडकला. तो प्रत्येक तुकड्याला ४० फ्रँक लावत बसला आणि मला घाटातून फिरवत राहिला!

उपाय सोपा आहे. प्रत्येक ठिकाणाच्या दोन नोंदी करा: ‘स्टिकर आहे’ आणि ‘स्टिकर नाही’. पहिल्या मोटरवेवर चढताना एका नोंदीतून दुसरीत जायचं, ४० फ्रँक तिथेच एकदा मोजायचे. मग तीच जुनी पद्धत बरोबर चालते.

म्हणून संशोधनात पद्धत निवडण्याआधी एवढं विचारा: माझ्या प्रश्नात खर्च साठतो कसा?