गायीच्या पोटात, आपल्या पोटात

गायीने धान्याच्या पोत्यात तोंड घातलं की आपला जीव खालीवर होतो. कोटीपोटात धान्य भराभर आंबतं, लॅक्टिक आम्ल वाढतं आणि जनावर आडवं होतं. हे आम्ल खाणारा एक जिवाणू रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात असतो, मेगास्फेरा एल्सडेनी. आज आम्ही त्याच्या चुलतभावाबद्दल सांगणार आहोत. तो आपल्या आतड्यात राहतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांना तो दोन निरोगी माणसांच्या शौचात सापडला. नाक मुरडू नका, आतड्यातलं जग तिथूनच कळतं! हवा लागली की हा जिवाणू तगत नाही, म्हणून त्याला हवेविना वाढवावं लागलं. 2014 मध्ये त्याचं नाव ठेवलं मेगास्फेरा इंडिका. मेगास्फेरा म्हणजे मोठा गोळा, आणि इंडिका म्हणजे भारतातला.

त्याआधी, 2013 मध्ये, त्याचा जनुकसंच वाचला गेला. जिवाणूने काय खावं, काय बनवावं हे सगळं त्यात चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेलं असतं. याची अक्षरं साधारण 25 लाख, माणसाची 300 कोटींच्या आसपास. गायीगुरांच्या पोटातल्या भावाशी ताडून पाहिलं, तर आपल्या पोटातल्याकडे पिष्ट आणि तंतू फोडणारी हत्यारं जास्त निघाली. माणसाचं खाणं वेगळं, म्हणून असं असावं, असं संशोधकांना वाटतं. आपल्या पित्तातही तो टिकतो.

तो बनवतो काय? काही जीवनसत्त्वं, आणि ब्युटिरेट. आपल्या तुपातही थोडं असतं ते. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या नागलीच्या भाकरीतला जो कोंडा आपल्याला पचत नाही, त्यावर असे अनेक जिवाणू मिळून काम करतात. पण एकट्या मेगास्फेराने अमुक आजार बरा होतो असं कुणी सांगून पुडी विकली, तर घेऊ नका. तसं सिद्ध झालेलं नाही.

याच वाचनात आणखी एक गोष्ट दिसली. काही प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिकला, दाद न देण्याची ताकद या जिवाणूत आहे. अशी ताकद देणारी जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, रोग करणाऱ्याकडेही, जाऊ शकतात. आपण उगाच गोळ्या घेतो तेव्हा साधे उपयोगी जिवाणू मरतात आणि दाद न देणारे उरतात.

म्हणून लेकराला जुलाब झाले की डब्यातली उरलेली गोळी देऊ नका. जलसंजीवनी पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्त पडलं किंवा पाणीही पिईना, तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच, तर सांगितलेले सगळे दिवस द्या.