गाण्यांचा घरगुती वाढपी

तुमच्या प्लेलिस्टमधली गाणी नेमकी कुणाची? लगेच ‘माझी’ म्हणू नका. मार्च २०२३ आठवा. स्पॉटिफाय आणि झी म्युझिकचं लायसन्सचं बोलणं फिसकटलं आणि कित्येकांच्या प्लेलिस्टना एका रात्रीत खिंडारं पडली. पुढे समेट झाला, गाणी परत आली. पण २०२४ मध्ये आधी रेसो आणि मग विंक ही अख्खी अ‍ॅपंच भारतातून गाशा गुंडाळून गेली. दर महिन्याला भाडं भरणारा भाडेकरू घराच्या भिंतीला खिळा ठोकत नाही. आपण मात्र पाच-पाच वर्षं प्लेलिस्ट सजवत बसतो!

यावरचा फंडा म्हणजे स्वतःचा म्युझिक सर्व्हर. नाव ऐकून एसी रूम आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांपुढे आणू नका. सर्व्हर म्हणजे सरळ मराठीत वाढपी. घरातली सगळी गाणी एका छोट्या कम्प्युटरवर ठेवायची. मोबाइलवरून फर्माईश करायची, त्याने स्पीकरवर वाढायचं. दिवसभर दुसरं कामच नाही त्याला. मेल नाही, मीटिंग नाही... हेवा वाटावा अशी नोकरी!

यासाठी सगळ्यांचा लाडका डबा म्हणजे रास्पबेरी पाय. २०१२ मध्ये आलेला हा कम्प्युटर पत्त्यांच्या कॅटएवढा. त्याला पंखा लागत नाही, त्यामुळे मालकंस ऐकताना मागे घुर्रर्र होत नाही. शिवाय वीज. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवलात तर ६० वॉटच्या हिशेबाने महिन्याला ४३ युनिट जातील. पाय ४ नुसता गाणी वाजवत बसला तर दोन-तीन युनिटांत भागतं. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही चालेल. त्याची बॅटरी धड असेल (फुगलेली असेल तर बिलकुल नाही) तर यूपीएस फुकटात मिळाला समजा.

एक सावधगिरीची गोष्ट. पाय ५ ला हेडफोनचं भोकच नाही, आणि पाय ४ ला आहे त्याचा आवाज यथातथाच. त्यामुळे छोटासा यूएसबी डॅक घ्या. डॅक म्हणजे आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चीज. पैसे घालायचे तर इथे घाला, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींवर नको.

सॉफ्टवेअर फुकट आहे. व्हॉल्युमिओ, मूड ऑडिओ, पायकोअरप्लेअर... कुठलंही एक कार्डावर चढवायचं, अर्ध्या तासाचं काम. माझं मत पायकोअरप्लेअरला आणि त्याच्यासोबत लिरियन म्युझिक सर्व्हरला. पायकोअर सुरू होताना सगळा रॅममध्ये जाऊन बसतो, त्यामुळे अचानक लाइट गेले तरी कार्डाची वाट लागण्याची भीती बरीच कमी. आपल्याकडे हा मुद्दा आवाजाच्या क्वालिटीइतकाच महत्त्वाचा आहे, बॉस. गाणी मात्र कार्डावर नको, वेगळ्या डिस्कवर ठेवा. सीडी फ्लॅक फॉर्मॅटमध्ये उतरवली तर आवाजातला एक कणही न गमावता साधारण निम्म्या जागेत बसते. तीनशे सीडी धरल्या तरी शंभर-सव्वाशे जीबी. इथवर एका रविवारात होतं.

खरी गंमत पुढे आहे. नावं देणं!

या सगळ्या सिस्टिम्स पाश्चात्त्य डोक्याने बनलेल्या. आर्टिस्ट, अल्बम, ट्रॅक. आपल्या घरात असं कुणी मागतं का? माझी आई ‘खळ्यांचं काहीतरी लाव’ म्हणते. आता ‘अभंग तुकयाचे’ अ‍ॅपमध्ये लताबाईंच्या नावावर आणि ‘राम श्याम गुणगान’ लताबाई-भीमसेनजींच्या. ज्यांनी दोन्हीला चाली लावल्या ते श्रीनिवास खळे कुठेतरी बारीक अक्षरात. स्वतःच्या सर्व्हरवर ‘कंपोझर’चा रकाना तुम्ही भरायचा. मग ‘खळे’ टाइप केलं की एका ओळीत सगळं हजर. गीतकाराचाही रकाना भरून टाका, गदिमा आणि शांताबाई शेळके शोधायला सोपं. रागाला रकाना नसतो, म्हणून मी ‘जॉन्र’मध्ये राग लिहिते. यमनच्या रकान्यात ख्याल आणि भावगीत शेजारी शेजारी बसलेलं बघायला मजा येते.

‘पं.’ आधीच काढून टाका. नाहीतर भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि पं. भीमसेन जोशी असे तीन वेगवेगळे गायक तयार होतात आणि निम्मं शास्त्रीय संगीत ‘प’ या एकाच अक्षराखाली गर्दी करतं. ‘गीतरामायण’ दोन वेळा ठेवायचं असेल (आकाशवाणीचं १९५५-५६ मधलं, अनेक गायकांचं आणि बाबूजींनी एकट्याने गायलेलं) तर अल्बमच्या नावातच फरक करा आणि ट्रॅक नंबर न चुकता भरा. छप्पन्न गाण्यांचं रामायण शफलवर ऐकलं तर सेतू बांधायच्या आधीच रावण मरतो.

कॅसेटचं प्रकरण मात्र सबुरीचं. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, शॉर्टकट नाही. प्लेअरच्या लाइन-आउटमधून कम्प्युटरमध्ये, ऑडॅसिटी सुरू, आवाजाचा काटा उणे सहाच्या आसपास, आणि घरच्यांना गप्प बसण्याची गरज नाही (वायरमधून जातं, माइकमधून नाही, हे बाबांना चार वेळा सांगावं लागलं). त्यांच्या साठ-सत्तर कॅसेट आहेत. विकतच्या असतील त्या शेवटी ठेवा, त्या दुसरीकडे मिळू शकतात. आधी घ्यायच्या त्या घरी रेकॉर्ड केलेल्या.

आमच्याकडे आजीच्या ओव्यांची एक आहे. बत्तीस मिनिटं, मध्येच कुकरची शिट्टी. ही कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाही आणि टेपची एक बाजू आताच दबल्यासारखी ऐकू येते. संगीतकार : पारंपरिक. आर्टिस्टच्या रकान्यात काय लिहायचं यावर घरात वीस मिनिटं चर्चा झाली. आत्याचं म्हणणं, ओव्या ती माहेरून घेऊन आली, तर आडनावही माहेरचंच हवं. तेच लिहिलं. शिट्टी काढायचं सॉफ्टवेअर आहे, पण आत्याने काढू दिली नाही.

बॅकअपचं तेवढं मनावर घ्या. दोन डिस्क एकाच टेबलावर ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. चोर आणि गळकं छत दोन्ही घेऊन जातात. आमची दुसरी डिस्क आत्याकडे नाशिकला असते. दिवाळीत तिच्याकडे जायचं, नवी गाणी भरायची आणि चकल्या घेऊन परत यायचं.