चार गिऱ्हाइकं, एक विमान

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे या चार देशांपुढे एकच पेच होता: एफ-१०४ स्टारफायटर विमानांच्या जागी आणायचं काय? चौघंही ‘नाटो’चे सभासद आणि आकारानं लहान. एकेकट्यानं बाजारात उतरलं, तर विक्रेत्यापुढे हट्ट धरता येणार नव्हता. म्हणून १९७४ मध्ये त्यांनी जूट केली आणि साडेतीनशेच्या आसपास विमानांची एकगठ्ठा मागणी पुढे ठेवली.

विक्रेत्यांची रीघ लागली. फ्रान्सनं मिराज एफ-१ची सुधारित आवृत्ती आणली, स्वीडननं विगेन, तर अमेरिकेतून वायएफ-१६ आणि वायएफ-१७ पुढे आली. वर्तमानपत्रांनी या चढाओढीला ‘शतकातला सौदा’ म्हटलं. स्वीडन ‘नाटो’बाहेर होता, फ्रान्स सभासद असला, तरी १९६६ मध्येच युतीच्या लष्करी रचनेतून बाजूला झाला होता. जानेवारी १९७५ मध्ये खुद्द अमेरिकी हवाई दलानं एफ-१६ पसंत केलं आणि पारडं फिरलं.

७ जून १९७५ रोजी चौघांचा एफ-१६ घेण्याचा निर्णय जाहीर झाला. बेल्जियम ११६, नेदरलँड्स १०२, नॉर्वे ७२ आणि डेन्मार्क ५८, अशी एकूण ३४८ विमानं.

खरी घासाघीस झाली ती रोजगारावर. स्वतःच्या विमानांच्या किमतीच्या ४० टक्के, अमेरिकी हवाई दलाच्या ६५० विमानांच्या १० टक्के आणि तिसऱ्या देशांना विकल्या जाणाऱ्या विमानांच्या १५ टक्के इतकं काम युरोपीय कारखान्यांना मिळेल, असं ठरलं. बेल्जियममध्ये गोसली इथं साबका कंपनीत आणि नेदरलँड्समध्ये स्किफोल इथं फोकरमध्ये जुळणी सुरू झाली. डेन्मार्कची विमानं साबकानं जोडली, नॉर्वेची फोकरनं. इंजिनं बेल्जियममधल्या हेर्स्ताल गावात तयार होऊ लागली.

एकाच जातीच्या विमानांमुळे सुटे भाग, दारूगोळा आणि प्रशिक्षण यांचा मेळ बसला. १९९०च्या दशकात चौघांनी अमेरिकेसोबत विमानांची आतली यंत्रणाही बदलून घेतली. २४ मार्च १९९९ रोजी कोसोवो मोहिमेत अशाच एका सुधारित डच एफ-१६नं युगोस्लाव्हियाचं मिग-२९ पाडलं. २०११ मध्ये लिबियावरच्या मोहिमेतही चारही देशांची एफ-१६ होती.

पण विमान आपलं झालं, तरी त्याच्यावरचा अमेरिकेचा शब्द संपत नाही. २०२३ मध्ये डेन्मार्क आणि नेदरलँड्स आपली जुनी एफ-१६ युक्रेनला द्यायला तयार झाले, तेव्हा आधी वॉशिंग्टनची परवानगी लागली.

पुढची खरेदीही चौघांनी एफ-३५चीच केली, मात्र या वेळी एकत्र घासाघीस केली नाही. नेदरलँड्स, नॉर्वे आणि डेन्मार्क २००२ मध्ये विमानाच्या विकासातच भागीदार झाले. बेल्जियम २०१८ मध्ये निव्वळ गिऱ्हाईक म्हणून आला. भागीदार देशांनाही १९७५ सारखा कामाचा ठरलेला वाटा मिळाला नाही. त्यांच्या कंपन्यांना दर आणि दर्जाच्या स्पर्धेत उतरावं लागलं.

ग्रीनलँडवरून अमेरिकेशी खटका उडाल्यावर २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संसदेतल्या संरक्षण समितीच्या अध्यक्षांनी एफ-३५ निवडल्याचा पस्तावा जाहीरपणे बोलून दाखवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेन्मार्कनं लांब पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा अमेरिकेची न घेता फ्रान्स-इटलीची पसंत केली. ऑक्टोबरमध्ये मात्र त्याच सरकारनं आणखी १६ एफ-३५ घेण्याचा निर्णय जाहीर केला. आधीची २७ मागवलेली होतीच; त्यांचे वैमानिक, तंत्रज्ञ आणि तळ सगळे याच विमानाभोवती उभे होते.