२०२२ मध्ये परदेशातून घरी येताना: ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या कुटुंबांसाठी होम क्वारंटाईनचे सात दिवस

आपल्या मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणच्या मोहल्ल्यांत कुणाचा मुलगा दुबईला असतो, कुणाचे अब्बा सौदीत, तर कुणाचा जावई कतारमध्ये. वर्ष-दोन वर्षांनी माणूस सुट्टीवर आला की अख्खं खानदान भेटायला गोळा होतं. खजूर वाटले जातात, दावती होतात. याच सुट्टीत निकाहही उरकून घेतले जातात. जानेवारी २०२२ मध्ये मात्र थोडं थांबावं लागलं. ११ जानेवारी २०२२ पासून केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला, तो कुठल्याही देशातून येवो, सात दिवस घरी अलग राहणं सक्तीचं केलं होतं. नियम काय होता, लहान घरात तो पाळायचा कसा आणि दीन याबद्दल काय शिकवतो, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

नियम काय होता?

विमानात बसण्यापूर्वी ‘एअर सुविधा’ पोर्टलवर स्वयंघोषणा भरावी लागे. त्यात मागच्या १४ दिवसांतला प्रवास लिहावा लागे. प्रवासाआधीच्या ७२ तासांत केलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्टही जोडावा लागे. सरकारने जे देश ‘जोखमीचे’ ठरवले होते, तिथून येणाऱ्यांची विमानतळावर पुन्हा चाचणी होई आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागे. बाकीच्या देशांतून येणाऱ्यांपैकी दोन टक्के प्रवाशांची चाचणी होई. पाच वर्षांखालच्या मुलांना, लक्षणं नसतील तर, चाचणीतून सूट होती.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सगळं झालं, असं नव्हतं. संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसायला काही दिवस जाऊ शकतात. म्हणून सात दिवस घरात राहायचं, आठव्या दिवशी पुन्हा आरटी-पीसीआर करायची आणि तो रिपोर्ट पोर्टलवर टाकायचा, असा नियम होता. तोही निगेटिव्ह आला तर पुढचे सात दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं होतं.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. क्वारंटाईन म्हणजे संसर्गाची शक्यता असलेल्या, पण अजून आजारी नसलेल्या माणसाने अलग राहणं. आयसोलेशन म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला वेगळं ठेवणं. त्यामुळे कुणी होम क्वारंटाईन आहे, याचा अर्थ तो कोरोनाचा रुग्ण आहे असा होत नाही. ही गोष्ट शेजाऱ्यांनाही समजावून सांगा.

सोबत राज्याचे १० जानेवारी २०२२ पासूनचे निर्बंधही होते. लग्नाला जास्तीत जास्त ५० माणसं, मय्यतीला २० आणि रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी. परराज्यातून महाराष्ट्रात येणाऱ्यांकडे लसीचे दोन्ही डोस झाल्याचं प्रमाणपत्र किंवा ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट लागे. घरात निकाह ठरला असेल तर परदेशातून येणाऱ्याचे सात दिवस आणि आठव्या दिवसाचा रिपोर्ट धरूनच तारीख काढावी लागे.

कल्याण-डोंबिवलीत काय घडलं?

महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण आपल्याच भागात सापडला. दक्षिण आफ्रिकेहून दुबई, दिल्ली, मुंबई असा प्रवास करून आलेल्या डोंबिवलीच्या तरुणाचा रिपोर्ट ४ डिसेंबर २०२१ ला जाहीर झाला. त्याच्या निकट संपर्कातले १२ आणि कमी जोखमीचे २३ अशा ३५ जणांचा शोध लागला. सगळ्यांची चाचणी निगेटिव्ह आली. तरुण बरा होऊन ८ डिसेंबरला घरी गेला.

त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. परदेशातून कल्याण-डोंबिवलीत आलेल्या २९५ जणांपैकी १०९ जणांचा पत्ताच लागत नव्हता. काहींचे मोबाईल बंद होते, तर दिलेल्या काही पत्त्यांवर कुलूप होतं. तत्कालीन महापालिका आयुक्त डॉ. विजय सूर्यवंशी यांनीच ही माहिती दिली. नियम मोडला जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी सोसायटीच्या सदस्यांचीही आहे, असंही त्यांनी सांगितलं.

या दोन बातम्या शेजारी ठेवून पाहा. पहिल्या प्रकरणात माणसं सापडली, म्हणून ३५ जणांची काळजी काही दिवसांत मिटली. दुसऱ्यात फोनच बंद, मग कुणाच्या घरात धोका आहे आणि कुणाच्या नाही हे सांगणार कोण? त्या १०९ जणांत कोणत्या समाजाचे किती, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. आपल्या घरातला माणूस त्या यादीत नसावा, एवढंच आपल्या हातात आहे.

फोन बंद करावासा का वाटतो?

लोक बेफिकीर आहेत, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्के मारले गेले. तबलीगच्या नावाने तर आपल्या संपूर्ण समाजाकडे बोट दाखवलं गेलं. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. पण तोपर्यंत मनात बसलेली भीती एका निकालाने जात नाही. ‘नाव दिलं तर बदनामी होईल’ असं अम्मी-अब्बांना वाटतं, ते उगाच नाही.

ही भीती जुनीही आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला, जो २०२० मध्येही वापरला गेला. त्या काळी झडती पथकं घरात शिरून रुग्णांना उचलून नेत. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका १२ वर्षांच्या मुलीला न्यायला पथक आलं. लोकांनी विरोध केला आणि पाहता पाहता शहरात दंगल उसळली. आजारी मुलीला घरच्यांपासून, पर्द्यापासून तोडू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं.

२०२२ च्या नियमानेच सांगितलं की माणसाने आपल्या घरात, आपल्या माणसांजवळ राहावं. पण ही मुभा विश्वासावर टिकते. दरवाजावर चोवीस तास पहारा ठेवणं कुठल्याही महापालिकेला शक्य नाही. आपण शब्द मोडला तर उद्या पुन्हा सक्तीच्या केंद्रांची मागणी होईल.

वन रूम किचनमध्ये काय करायचं?

स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास-बाथरूम असेल तर सोपं आहे. पण चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर?

• माणूस विमानात बसण्याआधीच ठरवा. शक्य असेल तर म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि शुगर, बीपी, दम्याच्या रुग्णांना तेवढे दिवस दुसऱ्या भावाकडे किंवा बहिणीकडे पाठवा.
• आलेल्या माणसाची जागा खिडकीजवळ करा. खिडकी उघडी ठेवा. एकाच खोलीत असाल तर सगळ्यांनीच मास्क लावा.
• ताट, ग्लास, टॉवेल, जानमाज वेगळी ठेवा. एका ताटात मिळून जेवणं आठवडाभर बंद.
• संडास सामाईक असेल तर त्याने सगळ्यात शेवटी जावं, नंतर नळ आणि कडी पुसून घ्यावी.
• डबा, सामान देणारा एकच माणूस ठरवा. तो तरुण आणि दोन्ही डोस घेतलेला असावा.
• महापालिकेकडून फोन आला तर उचला. खरा पत्ता आणि चालू नंबर द्या.

ताप तीन दिवसांत उतरला नाही, श्वास घ्यायला त्रास झाला, छातीत दुखलं, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा ऑक्सिजन ९३ किंवा त्याखाली दिसला, तर घरगुती उपायांवर थांबू नका. १०८ वर अॅम्ब्युलन्स बोलवा. माहितीसाठी तेव्हा १०७५ ही हेल्पलाईन होती.

दीन काय सांगतो?

‘अल्लाहवर भरोसा आहे, मग भीती कशाला?’ असं काही जण म्हणतात. साथ असलेल्या गावात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळू नका, ही शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे. आजारी जनावर निरोगी जनावरांत मिसळू नये, असंही त्यांनी सांगितलं. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असताना तिथे ताऊन पसरल्याची खबर आली आणि ते सरग इथून मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असं हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं. आपण त्याच्याच एका तकदीरीकडून दुसरीकडे जात आहोत, असा उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय होता.

जमातीची नमाज चुकते, याचं दुःख होणारच. पण पावसापाण्याच्या दिवशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला घरीच नमाज पढा, असं पुकारायला सांगितल्याचं हदीसमध्ये येतं. ती सवलत चिखलासाठी होती, इथे तर जिवाचा प्रश्न आहे. क्वारंटाईनमधल्या माणसाने जुम्याच्या दिवशी घरीच जोहर पढावी. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना फोनवर विचारा.

शेजाऱ्यांचंही कर्तव्य आहे. ज्याच्या घरी कुणी क्वारंटाईन आहे, त्याच्याकडे संशयाने पाहू नका, व्हॉट्सॲपवर त्याचं नाव फिरवू नका. दाराशी दूध-भाजी ठेवा, फोन करून खैरियत विचारा. शेजाऱ्यांनी असा आधार दिला तर खरा पत्ता सांगायला कुणी घाबरणार नाही.

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याला मिठी मारायला आणखी आठ दिवस लागत. ही मिठी अम्मीला महागात पडू नये, एवढ्यासाठीच हे सगळं होतं. अल्लाह सगळ्यांना आफियतमध्ये ठेवो, आमीन.