जव्हार–मोखाडा परिसरातील मुलींचे विज्ञान व गणित शिक्षण

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीला लागून असलेले दोन आदिवासीबहुल तालुके आहेत. येथील मुलींचे विज्ञान व गणित शिक्षण हा महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या व्यापक प्रश्नाचाच एक भाग असला, तरी त्याचे स्वरूप शहरी भागापेक्षा वेगळे आहे. शहरात 'मुलींना गणित जमत नाही' हा समज आडवा येतो. या परिसरात तो समज असतोच, शिवाय त्याच्या आधी भाषा, हंगामी स्थलांतर आणि घरकामाचा भार आडवा येतो.

== पार्श्वभूमी ==

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान होते. दोन्ही तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इत्यादी जमातींची वस्ती असून दहातील सुमारे नऊ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भात, नागली आणि वरई ही मुख्य पिके एका पावसावर येतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषण राज्यभर चर्चेत आले. शासकीय व अनुदानित आश्रमशाळा हा येथील शिक्षणाचा मोठा आधार आहे. अनेक मुलींच्या घराण्यात त्यांच्या आधी कोणीही माध्यमिक शाळेत गेलेले नसते.

== महाराष्ट्रातील पूर्वपीठिका ==

मुलींनी गणित व विज्ञान शिकावे की नाही, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झाले. मुलांप्रमाणेच मुलींना इंग्रजी, गणित व शास्त्र शिकविण्यास लोकमान्य टिळकांच्या पक्षाने विरोध केला. मुलींना मातृभाषा, धर्म-नीती व शिवणकाम पुरेसे आहे, असा त्या विरोधाचा रोख होता. पुढे याच हुजूरपागेतून शिकलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) कर्करोगाच्या संशोधक म्हणून नावारूपाला आल्या. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचा अनुभव अधिक कडवट होता. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अग्रक्रम मिळवूनही १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांना प्रवेश नाकारला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक विजेते चंद्रशेखर वेंकट रामन हे होते आणि विद्यार्थिनींना प्रवेश देण्यास त्यांची तयारी नव्हती. सोहोनी मागे हटल्या नाहीत. अखेर अटींवर, प्रथम परीक्षेपुरता, प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. विज्ञान विषयात ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मराठी वाचकाला त्यांची बहीण दुर्गा भागवत अधिक परिचित आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयप्रेमाविषयी आणि विज्ञानाविषयीच्या अनास्थेविषयीही काही सांगते.

या दोघींच्या चरित्रांतील एक साम्य सहसा लक्षात घेतले जात नाही. सोहोनी यांचे वडील व चुलते रसायनशास्त्र शिकलेले होते, तर रणदिवे यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. बुद्धी व जिद्द त्यांची स्वतःची होती, पण प्रयोगशाळा म्हणजे काय हे त्यांना घरातच कळले होते. पहिल्या पिढीतील विद्यार्थिनीला जे घर देऊ शकत नाही, ते शाळेलाच द्यावे लागते.

दुसरे साम्य आदिवासी भागाशी संबंधित आहे. सोहोनी यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू होता. रणदिवे यांनी अकोले तालुक्यातील राजूर परिसरात, सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने, आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. दोन्ही कामांचे मोल मोठे आहे. मात्र त्यांत आदिवासी स्त्री व बालक अभ्यासाचा विषय होते आणि अभ्यासक बाहेरून आलेले होते. जव्हार–मोखाड्याच्या मुलीने विज्ञान शिकण्याचा अर्थ येथे आहे: पोषण, पाणी, माती यांविषयीचे प्रश्न तिने स्वतः विचारायचे आणि मोजमापही तिनेच करायचे.

== शालेय अडचणी ==

पहिली अडचण भाषेची आहे. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठी शाळेत येऊन शिकावी लागते. त्यावर 'अपवर्तन', 'संयुजा', 'त्वरण' अशा संस्कृतप्रचुर संज्ञांचा थर चढतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. तेथे वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या कामातून असे दिसले, की पाठाची भाषा सोपी केल्यास विज्ञानाचे आकलन सुधारते. विद्यार्थी ज्याला 'विज्ञान कठीण' म्हणतो, त्यातील बराच भाग भाषेचा असतो. अकरावीत विज्ञान शाखेचे अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीतून होते आणि बोलीपासून मराठीपर्यंत कष्टाने आलेल्या मुलीला दोन वर्षांत आणखी एक भाषा ओलांडावी लागते.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. भातकापणी झाली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. मुले बरोबर गेल्यास धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुधा मुलीकडे येते. इतिहासाचा सुटलेला धडा नंतर वाचता येतो. अपूर्णांक सुटला, तर पुढचे बीजगणित उभेच राहत नाही. म्हणून खंडित हजेरीचा फटका गणिताला सर्वांत जास्त बसतो. आश्रमशाळांतील व हंगामी वसतिगृहांतील निवासाची सोय या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तिसरी अडचण पाण्याची आहे. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे आहे. डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या मुलीचा अभ्यासाचा वेळ त्या वाटेवर खर्च होतो. परीक्षेचे दिवसही नेमके त्याच ऋतूत येतात.

== परिसरातील ज्ञान आणि अध्यापन ==

वारली चित्रांतील वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांचा भूमितीच्या अध्यापनात उपयोग करण्याची कल्पना शिक्षकांना आवडते. लग्नाचा चौक काढण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा असल्याने तिला विशेष औचित्यही आहे. तथापि चित्र काढता येणे आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश का होते हे सिद्ध करणे, यांत अंतर आहे. ते अंतर शिक्षकाने चालून दाखविले नाही, तर उपक्रम शोभेपुरता राहतो.

राबाचे उदाहरण अधिक फलदायी आहे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा व शेण पसरून जाळतात. उष्णतेने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाशसारखी पोषकद्रव्ये मातीत मिसळतात. हे काम प्रत्येक मुलीने पाहिलेले, बहुधा केलेलेही असते. भाजलेल्या व न भाजलेल्या वाफ्यातील रोपांची उंची आठवड्याला मोजून तिचा आलेख काढला, तर नियंत्रित प्रयोग, सरासरी व आलेख या तिन्ही गोष्टी एका पट्टीवर आणि एका वहीवर शिकविता येतात.

== दहावीनंतर ==

शिक्षणाची खरी वाट दहावीनंतर फुटते. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे, तर मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय असून दोन्हींत विज्ञान शाखा आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व शुल्कसवलत पूर्वीपासून आहे, तर २०१६–१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना निवास व भोजनासाठी रक्कम दिली जाते. त्यामुळे केवळ शुल्कमाफीने येथील मुलींची विज्ञान शाखेतील संख्या वाढेल, ही अपेक्षा फारशी बरोबर नाही. घराजवळची मुलींच्या वसतिगृहातील जागा आणि अकरावीच्या आरंभी इंग्रजी व गणिताचा पायाभूत वर्ग यांचा उपयोग अधिक आहे.

राष्ट्रीय पातळीवर नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्र शासनाची 'विज्ञान ज्योती' योजना आहे. आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या. जगभरातील संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. ११ फेब्रुवारी हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार विज्ञानातील महिला व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

परिसरातच विज्ञानाधारित कामे आहेत: परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता, कृषी सहायक, पाणी गुणवत्ता तपासनीस, विज्ञान शिक्षिका. यांतील शेवटचे काम विशेष महत्त्वाचे आहे, कारण पाड्यावरची बोली येणारी शिक्षिका 'त्वरण' हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी उतारावरून धावणाऱ्या बैलगाडीचे उदाहरण मुलींच्या बोलीतच देऊ शकते.